दहापैकी पाच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न साधारण असा असतो: "विम्यातल्या आकडेवाल्या तुम्ही, पहाटे उठून ते बेसबॉल बघता. एखादा बॅटर एखाद्या पिचरला 10 पैकी 5 वेळा ठोकत असेल, तर त्या पिचरसमोर त्यालाच खेळवायला हवं ना?" ऑफिसात विचारतात, सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये विचारतात. आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमधले शेजारचे काका तर आधी "आज पिच कसं आहे?" असं विचारतात आणि मग हे. (बेसबॉलमध्ये पिच म्हणजे टाकलेला चेंडू, आणि तो टाकणारा तो पिचर. हे मी त्यांना चारदा सांगून झालंय.)

तर, नाही. निदान तेवढ्यावरून नाही.

समजा बॅटरची सरासरी .300 आहे, म्हणजे 10 मध्ये 3 हिट (चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं). समोरच्या पिचरशी त्याचं काहीही खास नातं नाही असं धरा. तरीही 10 संधींत 5 किंवा जास्त हिट मिळण्याची शक्यता 100 मध्ये 15 निघते. असा बॅटर कितीतरी पिचरांना सामोरा जातो, तेव्हा दर सहा-सात जोड्यांमागे एक "हा त्याचा गिऱ्हाईक" आपोआप तयार होतो. टीव्हीवाले नेमकी तीच जोडी उचलून पडद्यावर दाखवतात, बाकीच्या पाच-सहा दाखवत नाहीत.

मग माझ्यावर टोनी ग्विन फेकतात. सॅन डिएगोचा डावखुरा बॅटर, कारकिर्दीची सरासरी .338. ग्रेग मॅडक्ससारख्या अव्वल पिचरसमोर तो 107 वेळा उभा राहिला. वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) वगैरे वजा जाता 94 ॲट-बॅट, म्हणजे सरासरीत धरल्या जाणाऱ्या संधी, त्यात 39 हिट, म्हणजे .415. आता एवढं तरी मानाल की नाही? करून बघू. .338 च्या हिशेबाने 94 मध्ये सुमारे 32 हिट अपेक्षित आणि प्रमाण विचलन (नुसत्या नशिबाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो ते) साडेचारच्या जवळ. 39 म्हणजे सात जास्त, जेमतेम दीड विचलन. मॅडक्स साधा पिचर नव्हता म्हणून अपेक्षा थोडी खाली आणली, तर अंतर दोनापर्यंत जाईल. हजारो जोड्यांमधून सगळ्यात गाजलेली निवडायची आणि तिची ही पत! मला .415 पेक्षा दुसरी गोष्ट बोलकी वाटते: त्या 107 वेळांत मॅडक्सला ग्विनचा एकही स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन, चेंडू मैदानात न जाताच बाद) मिळाला नाही. ग्विन मुळातच क्वचित स्ट्राइकआउट व्हायचा, 20 हंगामांत 434 वेळा, म्हणजे 100 मध्ये चारच्या आसपास. तरीही 107 मध्ये शून्य हे निव्वळ नशिबाने शंभरातून एकदाच घडेल. हिट होताना चेंडू फील्डरच्या हातात जातो की बाजूने निसटतो यात दैवाचा वाटा मोठा; स्ट्राइकआउटमध्ये मामला दोघांचाच.

आमच्या धंद्यात हे जुनं आहे. भुलेश्वरच्या एखाद्या कापडाच्या गोदामात दोन वर्षं आग लागली नाही म्हणून आम्ही हप्ता माफ करत नाही. तशा बाकीच्या गोदामांचं काय झालं ते आधी बघतो, मग त्या गोदामाचा स्वतःचा अनुभव त्यात चवीपुरता घालतो. अनुभव जितक्या वर्षांचा, तितकं त्याचं वजन जास्त. याला क्रेडिबिलिटी म्हणतात. अल्बर्ट व्हिटनीने 1918 मध्ये त्यावर लिहिलं, तेही कामगारांच्या नुकसानभरपाईच्या विम्यासाठी.

बेसबॉलमधली "तशी गोदामं" म्हणजे कोण? आधी हात बघायचा. उजव्या पिचरचा स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) उजव्या बॅटरपासून लांब पळतो, म्हणून एकाच हाताची जोडी सहसा पिचरच्या फायद्याची. शिवाजी पार्कवर वाढलेल्याला हे समजवावं लागत नाही; मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांच्या 589 फर्स्ट क्लास बळींमागे उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडूच तर होता. मग चेंडूंची जात: चेंजअप (फसवा संथ चेंडू) ज्याचं हत्यार, तो उलट्या हाताच्या बॅटरलाही जड जातो. असे सारखे पिचर एकत्र केले की 10 ऐवजी शेकडो संधी हाताशी येतात. मॅनेजर मंडळी या उजव्या-डाव्याच्या हिशेबाच्या इतकी आहारी गेली की एका बॅटरपुरता पिचर आणून लगेच परत न्यायची. शेवटी 2020 पासून, डाव संपला किंवा दुखापत झाली तर गोष्ट वेगळी, एरवी पिचरने किमान तीन बॅटर खेळलेच पाहिजेत असा नियम आला.

आणि 2020 म्हटलं की माझी पंचाईत. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना, आपल्याकडे 28 ऑक्टोबरची सकाळ. टॅम्पा बेचा पिचर ब्लेक स्नेल 73 चेंडूंत 9 स्ट्राइकआउट घेऊन बसलेला, संघ 1-0 ने पुढे. सहाव्या डावात प्रतिस्पर्धी डॉजर्सच्या फलंदाजी क्रमातले पहिले तीन बॅटर तिसऱ्यांदा त्याच्यासमोर येणार होते. बॅटरने पिचरला तिसऱ्यांदा बघितलं की सरासरीने त्याचं फावतं, हा शेकडो सामन्यांचा हिशेब, म्हणजे माझाच पक्ष. त्या तिघांनी त्या दिवशी स्नेलसमोर 6 पैकी 6 वेळा स्ट्राइकआउट दिला होता. पण ते तर दहापैकी पाचचंच धाकटं भावंड. मॅनेजर केविन कॅशने स्नेलला काढलं. आत आलेला निक अँडरसन आधीच्या बऱ्याच सामन्यांत धावा देत आला होता. डॉजर्सच्या मुकी बेट्सने डबल (दोन बेसचा फटका) मारला, बघता बघता आघाडी गेली आणि डॉजर्स 3-1 ने जिंकले.

काका विचारतात, "म्हणजे तुमच्या शास्त्राप्रमाणे काढलं ते बरोबरच ना?"

स्नेलला काढण्यापुरतं, हो. अँडरसनला आणण्याबद्दल भांडता येईल. पण कॅश डगआउटमधून निघाला तेव्हा मी गॅससमोर फोन धरून "नको रे, ठेव त्याला!" असं इतक्या जोरात ओरडले की काकांनी भिंतीवर टकटक केली, आणि दूध उतू गेलं ते वेगळंच.