कांदा ठेवायचा की काढायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माहेरची माणसं, बचत गटातल्या बायका, मुलाचे पुण्यातले मित्र, सगळे फिरून फिरून हेच विचारतात: कांदा कधी विकायचा ते तुम्ही ठरवता कसं? भाव वाढणार हे आधी कळतं का?

नाही कळत. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडकडे ते कुणालाच कळत नाही, पारावर कुणी कितीही छातीठोक बोलो. मला काढता येतो तो एवढाच हिशेब: किती भाव मिळाला तर ठेवल्याचं चीज होईल.

2025 चंच सांगते. एप्रिलअखेर उन्हाळ कांदा निघाला, समजायला सोपं जावं म्हणून 100 क्विंटल धरू. भाव क्विंटलला 1,200, म्हणजे त्या दिवशी विकला तर 1,20,000 हातात. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, टाकला की सप्टेंबर लागेपर्यंत 30 टक्के माल जातो. काही सडतो, काहीला कोंब फुटतात, उरलेला वाळून हलका होतो. राहिले 70 क्विंटल. निवडायला बायका लावायच्या, त्यांची मजुरी सहा हजार. ज्या पैशात उसनवारी फिटली असती ते चाळीत अडकले, म्हणून महिना दोन टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज 9,600. सगळं मिळून 1,35,600. भागिले 70, की 1,940 च्या आसपास येतात. म्हणजे सप्टेंबरात 1,800 मिळाले तर गाव म्हणणार क्विंटलमागे सहाशे सुटले, आणि आमच्या खिशातून साडेनऊ हजार गेलेले असणार. भाव ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. घट मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

हा आकडा निघाला की मी तो एप्रिलातच वहीत लिहिते, डोकं थंड असताना. मालाचे तीन सारखे हिस्से. पहिला लगेच विकायचा. दुसरा 2,000 ला. उरलेला दसऱ्याच्या आत, भाव काही का असेना, कारण पुढे नवा लाल कांदा बाजारात यायला लागतो.

ही वही 2023 नंतरची. त्या वर्षी आमचं नुसतं तोंडी ठरलं होतं, 2,000 झाले की काढायचा. ऑगस्टात तेवढे झाले. हे म्हणाले, चढतोय अजून, अडीच हजाराला काढू. मीही मान डोलावली. 19 ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, लिलाव बंद पडले. आमची पाचावर धारण बसली. लिलाव सुरू झाले तसा सगळा माल काढून मोकळे झालो. शेजारच्या आबांनी चाळ उघडलीसुद्धा नाही, आणि ऑक्टोबरअखेर लासलगावच्या मोठ्या कांदा बाजारात भाव 4,000 च्या वर गेला.

गाव म्हणालं, आबा हुशार. मला ते तेव्हाही पटलं नाही (थोडा जळफळाट होता, कबूल करते). ऑक्टोबरचा भाव ऑगस्टात आबांना तरी कुठे ठाऊक होता? आणि आमचं चुकलं ते स्वस्तात विकलं म्हणून नव्हे. आधी हाव सुटली म्हणून थांबलो, मग भ्यायलो म्हणून विकला, दोन्ही वेळा आपलंच ठरलेलं मोडलं. कागदावर काहीच नसल्यानं ते मोडलं हेसुद्धा धड कळेना. हे तर आजही शपथेवर सांगतात, आपलं अडीचच ठरलं होतं.

2025 ला आबांनी सगळा कांदा ठेवला. 1 एप्रिलपासून निर्यात शुल्क पूर्ण उठलं होतं, भाव चढणार असं मलाही वाटत होतं. पण मे महिन्यातच पाऊस कोसळला, भिजलेला माल चाळीत टिकेना, आणि पावसाळाभर भाव काही वर आला नाही. माझे 2,000 सुद्धा आले नाहीत. दुसरा हिस्सा तिसऱ्यासोबतच पडत्या भावात गेला. पहिला तेवढा 1,200 नं सुटला होता.

दसऱ्याला वही काढली, तर त्या पानाखाली यांच्या अक्षरात एक ओळ होती: ‘घट 38 टक्के निघाली. पुढच्या वर्षी 30 धरू नये.’