ही वाट मुळात कोणासाठी बांधली होती?

ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवणं, करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नदीकाठचे आणि उद्यानांमधले हे खडीचे मार्ग निवडता कसे? नकाशावर तर सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी अंतर नंतर बघते, फोटो तर त्याहून नंतर. आधी शोधते ते एवढंच, की ही वाट मुळात कोणासाठी बांधली होती. खास सायकलसाठी बांधलेले खडीचे लांब मार्ग फार थोडे. बाकीच्या वाटा दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी झालेल्या असतात: बोटी ओढणारी खेचरं, आगगाडी, घोडागाडी, पुराच्या बांधाची देखरेख करणारे लोक, जंगलातून लाकूड नेणारे ट्रक. त्यांची गरज त्या वाटेच्या अंगात मुरलेली असते. चढ किती असेल, खाली काय अंथरलं असेल, पावसाचं पाणी निघून जाईल की साचेल, याचा निम्मा अंदाज घरबसल्या येतो.

रेल्वेचंच घ्या. वजनदार मालगाडी ओढणाऱ्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी डोंगर फोडले, बोगदे काढले, आणि जमेल तिथे नदीचाच हात धरला, कारण डोंगरातून सगळ्यात सौम्य उताराची वाट नदीनेच आधी कोरून ठेवलेली असते. अमेरिकेतला ग्रेट ॲलेघेनी पॅसेज हा त्याचा उत्तम नमुना. पिट्सबर्ग ते कंबरलँड, सुमारे 241 किलोमीटर, बराचसा जुन्या रेल्वेच्या जागेवरून, यॉकगेनी आणि कॅसलमन या नद्यांच्या काठाने, ओहायोपाइल या राज्य उद्यानाच्या मधून. वाटेत एक जलविभाजक, म्हणजे ज्याच्या दोन बाजूंना पाणी वेगवेगळ्या दिशांना वाहतं असा उंचवटा, ओलांडावा लागतो, उंची साधारण 729 मीटर. आकडा ऐकून दचकायचं कारण नाही. पिट्सबर्गकडून येताना चढ एक टक्क्याच्याही आत राहतो. कंबरलँडकडून मात्र जवळजवळ 38 किलोमीटर सलग चढायचं असतं, पण तेही दोन टक्क्यांच्या आतच. पायांना थकवा जाणवतो, दम मात्र लागत नाही. रूळ काढल्यावर वरून चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली असल्यामुळे चाक छान धावतं.

गंमत पुढे आहे. त्याच कंबरलँडला दुसरी वाट सुरू होते आणि पोटोमॅक नदीच्या काठाने 297 किलोमीटर जाऊन वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात संपते. ही चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची वाट. कालव्यातल्या बोटी खेचरं ओढायची, आणि ही वाट त्या खेचरांची. बोटींना उंची चढवण्या-उतरवण्यासाठी कालव्यावर 74 लॉक, म्हणजे पाण्याच्या पायऱ्या आहेत. म्हणून सायकलवर काय जाणवतं, तर मैलोन्‌मैल पूर्ण सपाट, मग लॉकपाशी एक छोटासा उतार, आणि पुन्हा सपाट. पण मूळची वाट मातीची, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला कालवा किंवा त्याचं जुनं पात्र. वर दाट झाडी, ऊन खाली पोचत नाही. पावसानंतर इथली डबकी लवकर आटत नाहीत आणि झाडांची मुळं वाटेत आडवी आलेली असतात. काही भागांत अलीकडे बारीक खडी दाबून सुधारणा केली आहे, तरी शेजारच्या रेल्वेच्या वाटेवर जो वेग मिळतो तो इथे धरून चालू नये. एकाच शहरात भेटणाऱ्या या दोन वाटा, आणि दोघींचा स्वभाव इतका वेगळा. हे मला फार आवडतं.

या कालव्याबद्दल आणखी थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1924 च्या पुरानंतर इथली वाहतूक बंदच पडली. पुढे त्या पट्ट्यात मोटारींचा रस्ता करायची कल्पना निघाली आणि एका मोठ्या वृत्तपत्राने अग्रलेखातून तिला पाठिंबाही दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं, की माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. 1954 च्या मार्चमध्ये ते खरोखर चालले, मत पालटायला सुरुवात झाली, आणि 1971 मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. आज आपण तिथे निवांत सायकल चालवतो ती त्या पायपिटीच्या जोरावर. अशा वाटा आपोआप टिकत नाहीत. कुणीतरी त्यांच्यासाठी भांडलेलं असतं.

उद्यानांमधल्या वाटांचा इतिहास बहुधा निराळा असतो. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी 1913 ते 1940 या काळात घोडागाड्यांसाठी रस्ते बांधून घेतले. उद्यानात त्यांची लांबी साधारण 72 किलोमीटर भरते आणि मोटारींना तिथे मज्जाव आहे. दगडाचे थर एकावर एक, मध्ये किंचित फुगवटा, कडेला चर, म्हणजे पाणी थांबायला जागाच नाही. घोडा इंजिनापेक्षा जास्त चढ चढतो, म्हणून इथले चढ रेल्वेच्या वाटेपेक्षा खडे. आणि घोडे तिथे आजही येतात. घोड्याच्या मागून गुपचूप जाऊ नका, आवाज द्या, वेग कमी करा, गरज पडली तर उतरा. चालणाऱ्यांचा हक्कही आपल्याआधी.

बांधावरच्या वाटांबद्दल थोडक्यात: चढ नाही, सावली नाही, आणि वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं की सोपं जातं असं पुष्कळांना वाटतं. युरोपातल्या डॅन्यूब नदीवर पासाऊ ते व्हिएन्ना हे तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे (तो मार्ग बराचसा डांबरी आहे, पण हिशोब समजायला चांगला) आणि तेवढ्यात नदी दीडशे मीटरसुद्धा खाली उतरत नाही. किलोमीटरला अर्धा मीटर! तो उतार पायांना कळणारही नाही. समोरचा वारा मात्र पहिल्या मिनिटाला कळतो. दिशा ठरवायची ती वारा बघून.

आता खडी. वाटेवर पोचल्यावर मी सायकल उभी करून मूठभर खडी उचलते. क्रशरमधून फोडलेल्या दगडाला कडा असतात. मूठ आवळली की तुकडे एकमेकांत अडकतात, मूठ उघडली तरी जरा गच्च राहतात. त्यात दगडाची भुकटी मिसळलेली असेल तर पावसाने आणि वर्दळीने ती खडी आणखी घट्ट बसते. नदीतून काढलेले गोटे याच्या अगदी उलट. पाण्याने त्यांच्या कडा झिजवलेल्या असतात, मूठ उघडताच ते बोटांमधून घरंगळतात आणि चाकाखालीही तेच करतात. अशा गोट्यांवर पुढचा ब्रेक दाबू नका, हँडल आवळून धरू नका, पायडल चालू ठेवा आणि सायकलला थोडं डुलू द्या.

टायर 40 मिलिमीटर रुंदीचा असला की यातलं बहुतेक सगळं निभावतं. हवा कमी ठेवा. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेस टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही सुरुवात चांगली, पुढच्या चाकात थोडी कमी. डांबरी रस्त्याच्या सवयीने कडक हवा भरली की टायर प्रत्येक खड्यावर उडतो, पकड जाते आणि मनगटं दुखतात. मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे जातो.

पुराचं पाणी ओसरल्यावर नदीकाठाची घाई करू नये. वर राहिलेला गाळ ओला असताना साबणासारखा निसरडा, आणि वाळताना त्यात चाकोऱ्या पडल्या तर त्या दगडासारख्या घट्ट होतात. वाटेखालची माती वाहून गेलेली वरून दिसतही नाही. मिसुरी नदीकाठच्या 386 किलोमीटरच्या केटी ट्रेलला 1993 च्या पुराने जबर फटका दिला होता. उद्यानाने वाट बंद केल्याची पाटी लावली असेल तर परत फिरा. ओल्या वाटेवर आपल्या टायरने पाडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते, आणि ती बुजवायला कुणाला तरी फावडं घेऊन यावं लागतं.

वाट सोडून खाली पात्रातल्या खडीवर उतरण्याचा मोह होतो, त्यालाही मी ठाम नाही म्हणते. टिटवी, चिखल्या हे पक्षी उघड्या खडीवरच अंडी घालतात, घरटं म्हणजे जेमतेम एक खळगा. अंडी हुबेहूब गोट्यांसारखी ठिपकेदार असतात. सायकलवरून ती दिसणं अशक्य.

पहिल्यांदाच जाणार असाल तर जुन्या रेल्वेची, नदीकाठची, कोरड्या हंगामातली वाट घ्या. निघताना वारा समोरून येईल अशी दिशा धरा, म्हणजे परतताना तो पाठीशी असेल. पहिल्या अर्ध्या तासात थांबून टायरची हवा एकदा दाबून बघा. हात बधिर होत असतील तर आणखी दोन-तीन पीएसआय सोडा.