पाऊस पडला म्हणून उपाशी

रेनडिअर समुद्रशेवाळ चघळत होते. आज दुपारी, स्वालबार्डच्या (नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमधली बेटं) किनाऱ्यावर. बुटके पाय, जाड लोकर आणि तोंडातून लोंबणारी तपकिरी, चामड्यासारखी पट्टी.

मी फोटो काढत सुटले. खांद्यावर रायफल (अस्वलांसाठी, इथे गावाबाहेर जाताना ती तयारी लागतेच) अडकवलेला गाईड शांतपणे म्हणाला, "हौसेने नाही खात. जानेवारीत पाऊस पडला ना."

पाऊस! ७८ अंश उत्तरेला, ज्या महिन्यात सूर्यही उगवत नाही तेव्हा.

बर्फ भुसभुशीत असला की हे खुरांनी उकरून खालचं गवत खातात. त्यावर पाऊस पडला की पाणी झिरपून जमिनीलगत गोठतं. चाऱ्यावर काच बसवल्यासारखी. खाली चारा आहे, पण तोंड पोचत नाही. मग समुद्राकडे यायचं. नुसत्या शेवाळावर निभत नाही, तेवढाच आधार. अशा हिवाळ्यानंतर कोल्ह्यांची मात्र चंगळ, मेलेले रेनडिअर जागोजागी.

आपल्याकडे पाऊस लांबला की गुरांचे हाल. इथे आला की.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) उन्हाळा लांबल्याने गवतही वाढलंय आणि बेटांवर रेनडिअरची संख्याही. त्यामुळे सरळ हळहळताही येत नाही, तेच डोक्यातून जात नाहीये. उन्हाळ्यात चढलेली चरबी अशा किती हिवाळ्यांना पुरेल?