तुम्ही विचारलंत म्हणून: वस्तीतली माणसं पोलिसांत का जात नाहीत

मी पुण्यातल्या एका वस्तीत वाढले हे कळलं की ऑफिसात म्हणा, सोसायटीत म्हणा, कधी ना कधी हा प्रश्न येतोच, की तुमच्याकडची लोकं काही झालं तरी पोलिसांत का जात नाहीत, आणि काही केलंच नसेल तर घाबरायचं कशाला? विचारणारी माणसं वाईट नसतात, त्यांना खरंच कळत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी एक सांगते, ही भीती अडाणीपणाची नाही. एनसी (पोलीस नुसती नोंद करून घेतात ती) आणि एफआयआर (जिच्यावर पोलीस स्वतः तपास सुरू करतात ती) यांच्यातला फरक आमच्या गल्लीत कधी शाळेत न गेलेल्या आज्यांनाही माहीत होता, कारण मारहाण झाली, नवऱ्याने डोकं फोडलं, काहीही असो, लिहून मिळायची ती एनसी, आणि एनसीवर मॅजिस्ट्रेटने सांगितल्याशिवाय पोलीस तपास करत नाहीत हे त्यांनी अनुभवाने शिकलेलं. सोसायटीतल्या माणसाचा पोलिसांशी संबंध येतो पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला, नाहीतर सिग्नलवर. पोलीस म्हणजे फोन केला की येतात ते. आमच्याकडे ते न बोलावता यायचे, आजूबाजूच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली की रात्री वस्तीतली पोरं उचलायला.

माझी आई घरकाम करायची. एका घरात अंगठी सापडेना आणि बाईंनी आईचं नाव सांगितलं. लेखी नोटीस वगैरे काही नाही, नुसता निरोप आला आणि आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौकीच्या बाकावर बसून, तिला कोणी हात लावला नाही पण पाणीही विचारलं नाही. दोन दिवसांनी अंगठी त्यांच्याच कपाटात मिळाली. आईचं ते काम गेलं, आणि त्या बातमीने शेजारच्या दोन घरांतलंही गेलं. पुढे एका दुसऱ्या घराने तिचा पगार बुडवला तेव्हा ती त्याच चौकीत गेली, तर तिथे म्हणाले हे आमच्यात येत नाही, कोर्टात जा. कायद्याने ते बरोबर असेलही. पण तिच्या बाजूने बघा ना, तिच्यावर आरोप झाला तेव्हा एका वाक्यावर सगळं हललं आणि तिचे पैसे गेले तेव्हा कायदा आठवला.

कोर्टाचं तर अजून वेगळं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं सगळेच म्हणतात, पण पैसेवाला कोर्टात गेला तरी त्याचा वकील जातो, तो स्वतः ऑफिसात असतो. रोजंदारीवाल्याची प्रत्येक तारीख म्हणजे एक खाडा, आणि पुढची तारीख मिळाली की अजून एक. आणि जामीन! जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं तुम्हाला वाटतं. त्यानंतर जामीनदार लागतो, त्याचा सातबारा नाहीतर पगाराची स्लिप नाहीतर ऐपतीचा दाखला लागतो, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या ओळखीत असं कोण असणार? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच सांगितलं की गरिबाची ऐपत बघून जामीन ठरवा. त्यानंतर ४५ वर्षांनी, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की जामीन मिळून महिन्याभरात कागद पूर्ण झाले नाहीत तर कोर्टांनी अटी कमी करायचा विचार करावा. २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून संपलेलाच नाही असे.

यात जात कुठे आली असंही विचारतात. आपल्याकडे पारध्यांना विचारा. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावाजवळ चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवरच जातात.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर गेले, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, त्यात अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट, आणि मग त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना अटक. माझ्या ऑफिसातली माणसं तेव्हा हादरली होती, रागाने लाल झाली होती, आणि तो राग खराच होता. आईला मी सगळं सांगितलं तर ती फक्त म्हणाली, मग काय होणार होतं?

तरी आमची माणसं कोर्टावरची आशा सोडत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जज साहेबांसमोर एकदा बोलायला मिळालं तर ते ऐकतील असं आईला अजूनही वाटतं. म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येक बाईला सांगते की महिलांना, एससी-एसटींना आणि कोठडीतल्या कोणालाही सरकारकडून फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन लावायचा, आणि एफआयआर झाली की तिची कॉपी फुकट मिळते ती मागून घ्यायची. कितीजणींना हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून तुमच्याकडेही एक मागणं आहे. घरातली वस्तू हरवली आणि ठाण्यात गेलात की ‘संशय कोणावर?’ असं विचारतात. तेव्हा डोळ्यांनी काही बघितलं नसेल तर कामवालीचं नाव घेऊ नका. आणि तरी तिला बोलावलंच तर तिच्यासोबत जा आणि ती सुटेपर्यंत तिच्या शेजारी बसा.