नीलवंत, चौघींच्या मापाचा

नीलवंत फुलपाखराच्या चार पोशाखांपैकी दोन दोरे कापून, घडी घालून ठेवलेत. तिसऱ्याचे पंख माळ्यावरच्या खोलीत वाळताहेत आणि चौथ्याची अजून पाठच चाललीय. कार्यक्रम ललितापंचमीला. तसा वेळ आहे, पण साताऱ्यात रंगकाम पावसाच्या मर्जीवर चालतं, त्यामुळं फार ऐट नको.

चौघी म्हणजे मोठ्या जाऊबाई, शेजारची वहिनी, मी आणि समोरच्या काकू. काकूंनी साठी ओलांडलीय आणि त्या नऊवारीतच नाचणार आहेत. झिम्मा आणि फुगडी ठरलेली, म्हणजे पंख लावून नुसतं उभं राहायचं काम नाही. जाऊबाईंना गुलाबी-जांभळं, चमचमतं फुलपाखरू हवं होतं. वाढदिवसाच्या केकवर बसवतात, तसलं. मी नीलवंतावर अडून बसले. एक तर २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू. दुसरं म्हणजे काळ्यावर फिकट निळा रंग मांडवातल्या हॅलोजनखाली शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो. आणि तिसरं, मागच्या अंगणातल्या लिंबावर त्याच्या अळ्या असतात, त्यामुळं नमुना बघायला लांब जावं लागत नाही. लिंबाच्या जातीची झाडंच त्या अळ्यांचं खाणं. फुलपाखरू मात्र स्वस्थ बसेल तर शपथ. ओल्या चिखलावर क्षार शोषायला उतरलं तरच नीट फोटो मिळतो.

पाठ

पोरींच्या आणि बायकांच्या पोशाखाचं गणित एक नाही. शाळेच्या गॅदरिंगला पोरीच्या दंडात इलॅस्टिकचे दोन फास अडकवले की झालं फुलपाखरू. तेच पंख मोठे करून बाईला घातले की इलॅस्टिक काखेत रुततं, पंखांचं वजन मागं ओढतं आणि ती सगळा वेळ खांदे सावरत राहते. बाजारातले ‘फ्री साइज’ पंख याच जातीचे. फोटोपुरते ठीक, फुगडीच्या दोन गिरक्यांत वाकडे होतात.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाठ, मग कंबर, मग पंखांचा सांगाडा आणि रंग सगळ्यांत शेवटी. सगळ्याजणींना आधी रंग करायची घाई असते. पण पंख चार बोटं वर बसवायचे की खाली, हे बाईला उभं करून बघितल्याशिवाय कळत नाही. जाऊबाई आणि वहिनी उंचीला सारख्या, पण मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंतचं माप घेतलं तर दोघींत अडीच इंचांचा फरक निघाला. माप दोन्ही हात वर करून घ्या. हात खाली असताना घेतलेलं माप झिम्म्यात कामाला येत नाही.

पाठपट्टीला रंगाच्या वीस लिटरच्या बादलीचं झाकण वापरलं. हे प्लास्टिक लवतं, पण मोडत नाही. नऊ बाय सहा इंचांचा तुकडा हॅक्सॉनं कापला, कडा पॉलिश पेपरनं घासल्या, जरा गरम करून पाठीच्या बाकाप्रमाणं वळवला आणि अंगाकडच्या बाजूला जुन्या योगा मॅटचा थर चिकटवला. हा तुकडा दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधे बसतो. खऱ्या फुलपाखराचेही चारही पंख छातीच्या भागालाच जोडलेले असतात, पोटाला नाही. कंबरेजवळून पंख फुटलेले दिसले की पोशाख फुलपाखराचा न वाटता मागं पडदा बांधल्यासारखा वाटतो.

पाठपट्टीपासून ॲल्युमिनियमच्या दोन चपट्या पट्ट्या खाली कंबरेपर्यंत येतात आणि तीन इंच रुंद पट्ट्यात शिवल्या जातात. हा पट्टा जुन्या जीन्सचा, आत कॅनव्हास घालून दोनदा टीप मारलेला. अजिंक्यताऱ्यावर सॅक घेऊन चढणाऱ्यांना यातली मेख सांगायला नको. कंबरेचा पट्टा आवळला की वजन कंबरेवर उतरतं आणि खांदे मोकळे होतात. खांद्यावरचे पट्टे उरतात ते फक्त पंख मागं कलू नयेत म्हणून.

पट्टे छातीवर फुलीसारखे कधीच घेऊ नका. छाती दाबली जाते, ब्लाऊज चुरगळतो आणि दहा मिनिटांत जीव नकोसा होतो. दप्तरासारखे सरळ दोन पट्टे आणि गळ्याखाली, छातीच्या वर एक आडवी पट्टी, तिला टिचबटण. डावा पट्टा पदराखाली जातो. उजवा उघडा पडतो, त्यावर साडीच्याच काठाची पट्टी शिवली.

काकूंचं प्रकरण वेगळं. नऊवारीच्या ओच्या-निऱ्यांनी कंबर आधीच जाड झालेली, त्यात पट्टा साडीखाली घेतला तर काष्टा सुटायची भीती. म्हणून पट्टा साडीवरून आणि त्याच्यावर मोत्यांचा कमरपट्टा. काकूंनी माप देतानाच बजावलंय, “पंख कसेबी कर बाई, पण माझी पाठ धरली तर तुझ्याच दारात येऊन झोपंन.”

तार, कामट्या आणि छत्र्या

सांगाड्याला सगळ्याजणी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार घेतात, कारण ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आठ गेजची तार साधारण चार मिलिमीटर जाड असते आणि मीटरला जवळपास शंभर ग्रॅम भरते. तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार मीटरला पस्तीस ग्रॅमसुद्धा भरत नाही. वरच्या दोन पंखांच्या कडेला मिळून चार मीटरच्या आसपास तार लागते, म्हणजे पाव किलोचा फरक इथंच पडतो. आणि हे वजन अंगाजवळ नसतं, हातभर लांब असतं, त्यामुळं ते दुपटी-तिपटीनं जाणवतं. ॲल्युमिनियमचा दोष एकच. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. तेव्हा बाक एकदाच, मोठ्या वळणाचा द्या आणि पक्कडीचे दात लागतील तिथं चिंधी गुंडाळा.

पंखाची सगळी कड सारखी ताठ करायची नसते. फुलपाखराच्या पंखाची पुढची कड जाड शिरांनी भक्कम केलेली असते आणि मागची कड पातळ, लवचिक असते. मीही वरच्या कडेला तारेबरोबर बांबूची कामटी बांधली, आकाशकंदिलाला वापरतो तीच, आणि बाहेरच्या-खालच्या कडेला नुसती बारा गेजची तार ठेवली. अशानं पंख चालताना टोकाशी लहरतो, मुळाशी हलत नाही.

खालच्या पंखांसाठी मला सापडलेलं सोनं म्हणजे मोडक्या छत्र्या. साताऱ्यात श्रावण संपेपर्यंत घरटी एखादी निघतेच, आणि छत्री दुरुस्त करणाऱ्याकडं तर काड्यांचा भाराच असतो. छत्रीची काडी हातात घेऊन नीट बघा. ती भरीव नसते, पन्हळीसारखी आतून पोकळ असते, म्हणून हलकी असूनही लवून पुन्हा सरळ होते. टोकाला बोंडीत बारीक भोक असतं, छत्रीचं कापड तिथंच टाचलेलं असतं. आपलं कापडही तिथंच टाचायचं, वेगळी कडी लागत नाही. तीन घड्यांच्या छत्रीची काडी मिळाली तर तिचे सांधे कापू नका. त्याच सांध्यांवर पंख दुमडतो आणि पोशाख रिक्षात मावतो.

मापाचं म्हणाल तर नीलवंत पंख पसरून १२ ते १५ सेंटिमीटर भरतो. आमचा पोशाख टोकापासून टोकापर्यंत सहा फूट, म्हणजे साधारण चौदापट. यापेक्षा मोठा केला तर झिम्म्यात शेजारणीच्या डोळ्यात जाईल.

कापड

पॉलिस्टर ऑरगॅन्झा, म्हणजे पातळ, आरपार दिसणारं कापड, ४४ इंची पन्ना, खण आळीतून. काळी आणि आकाशी. आकाशी निवडताना फोनमधला फोटो समोर धरू नका, फोन निळा रंग भडक करतो. नीलवंताचा निळा फिकट आहे, त्यात किंचित राखेची झाक आहे.

काळ्या कापडावर निळा रंगवायच्या भानगडीत मी पडले नाही. काळ्यावर फिका रंग उठायला आधी पांढरा हात द्यावा लागतो, आणि दोन हात झाले की ऑरगॅन्झा पापडासारखी कडक होऊन घडीवर तडकते. त्याऐवजी खाली आकाशी, वर काळी अशी दोन कापडं एकत्र टाचून घेतली. वर्तमानपत्रावर काढलेला खाका वर ठेवून प्रत्येक निळ्या पट्ट्याच्या भोवतीनं मशीनची टीप मारली. मग नखं कापायच्या बाकदार कात्रीनं फक्त वरचं काळं कापड टिपेच्या आत दोन मिलिमीटर सोडून कापून काढलं. खालचा निळा आपसूक दिसतो. वरच्या पंखावर निळे पट्टे शिरांच्या मधल्या जागेतच असतात, त्यामुळं दोन पट्ट्यांमधे राहिलेली काळी रेघ हीच शीर. वेगळ्या शिरा काढायचं काम वाचलं.

कापलेल्या कडेचे दोरे निघतात. त्यासाठी उदबत्ती. पेटती उदबत्ती कडेपासून केसभर लांब धरून सरकवत न्यायची, टेकवायची नाही. पॉलिस्टर वितळून कड बंद होते. टेकली तर खालच्या निळ्याला भोक पडतं. खिडकी उघडी ठेवा आणि आधी कापडाचा कोपरा जाळून बघा. कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, राख झाली तर ही युक्ती विसरा.

सुई नऊ किंवा अकरा नंबरची. टीप ओढली जाऊन कापड गोळा होत असेल तर खाली पतंगाचा कागद धरून शिवा आणि नंतर फाडून टाका.

रंग लागला तो फक्त खालच्या पंखावरच्या काळ्या ठिपक्यांना. ऑरगॅन्झावर ॲक्रिलिक पसरतो. म्हणून आधी मेंदीसारख्या कोनात मिळणाऱ्या आऊटलायनरनं ठिपक्याची कड काढली, ती रात्रभर वाळू दिली आणि मग आत रंग भरला. ठिपके एकसारखे गोल काढायचा मोह टाळा. खऱ्या पंखावर ते कडेकडे लहान-मोठे होत जातात. पूर्ण वाळल्यावर सुती कापड ठेवून, इस्त्री अगदी कमी करून, उलट बाजूनं फिरवायची म्हणजे रंग पक्का होतो. या हवेत ‘पूर्ण वाळल्यावर’ म्हणजे कधी, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढची बाजू कुठली?

यावर आमच्याकडं बराच वाद झाला. फुलपाखराची पाठ म्हणजे आपली पाठ धरली, तर पंखांची वरची बाजू बाईच्या पाठीमागून दिसणार आणि समोर बसलेल्यांना दिसणार ती खालची बाजू. गेल्या वर्षी ‘हळदीकुंकू’ नावाच्या फुलपाखराचा पोशाख केला, तेव्हा हे फार उपयोगी पडलं. त्याच्या पंखांची वरची बाजू पांढरी-काळी, आणि पिवळा-लाल सगळा थाट खालच्या बाजूला असतो. तो थाट समोर आणला आणि पाठ पांढरी ठेवली.

नीलवंताच्या दोन बाजूंत तेवढा फरक नाही, आणि ऑरगॅन्झा तर आरपार दिसते. पण खालच्या बाजूला, पंख अंगाला जोडलेले असतात तिथं, गडद लाल लांबट ठिपके असतात. ते मी समोरून लावलेत. लाल सॅटिनचे तुकडे, खांद्याजवळ, हातटाक्यानं. जाऊबाई म्हणाल्या, “हे कुणाला दिसणार?” मग लाल ब्लाऊज घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि गप्प बसल्या. काळ्या-निळ्यात तो लाल असा काही खुलतो की आता चौघींचे ब्लाऊज लालच ठरलेत.

हात आणि मिशा

पंख हलले पाहिजेत ही वहिनीची मागणी. यातला मोठा मान अमेरिकन नर्तिका लॉई फुलर हिचा. १८९२ साली पॅरिसच्या रंगमंचावर तिनं रेशमाचे प्रचंड घेर फिरवून लोकांना वेडं केलं होतं. हातात काठ्या धरून, त्या कापडात लपवून ती घेर लांबवायची, आणि अशा पोशाखाचं पेटंट तिनं १८९४ साली अमेरिकेत घेतलं. काठ्यांची पद्धत आजही केपसारख्या पंखांना उत्तम. पण फुगडीला हात मोकळे हवेत. म्हणून वरच्या पंखाच्या मध्यापासून मासे धरायचा नायलॉनचा दोरा आणून मनगटातल्या कापडी पट्टीला टिचबटणानं जोडला. हात उचलला की पंख उचलतो. फुगडीआधी बटण काढायचं.

मिशांबद्दल एवढंच सांगते. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पिसासारख्या मिशा पतंगांच्या. हेअरबँडवर काळी तार, टोकाला काळा लांबट मणी आणि पुढून गजरा, म्हणजे हेअरबँड झाकला जातो.

आता अडलंय काय

तयार झालेला एक पोशाख, पाठ-कंबरेसकट, पाऊण किलोच्या आत बसलाय. वहिनी तो घालून अर्धा तास नाचली, खांद्यावर वळ नाही. वरच्या पंखांना पाठपट्टीजवळ पेटीची छोटी पितळी बिजागरी लावलीय, म्हणजे पंख मागं मिटतात आणि स्टेजच्या चिंचोळ्या जिन्यातून जाता येतं. पण ती झिम्म्याच्या तालावर खटखट वाजते. रबरी वायसर घालून पाहिला, आवाज कमी झाला, गेला नाही. तेल घालायचं तर ऑरगॅन्झाला डाग पडेल. चामड्याच्या तुकड्याची बिजागरी कुणी केली असेल तर ती किती टिकते आणि पंख खाली लोंबतो का, ते सांगा. काकूंची पाठपट्टी त्याच्यासाठीच थांबवून ठेवलीय.