कडे अखेर टिकले, तेही ३७ वर

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे, ताऱ्यापासून ४० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) वायूचा उंचवटा, म्हणजे जादा घनतेचा पट्टा, ठेवूनही माझ्या तबकडीत, म्हणजे तरुण ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीच्या संगणकीय प्रतिकृतीत, धुळीचे कडे टिकत नव्हते. ते तयार व्हायचे, ठसठशीत दिसायचे आणि काही लाख वर्षांत आतल्या बाजूने रिते व्हायचे. या एका प्रश्नात तीन आठवडे गेले आणि गेल्या रविवारी तो सुटला.

माझा पहिला संशय ग्रिडवर, म्हणजे गणनेसाठी तबकडीचे आतून बाहेर जे खण पाडले त्यांवर, होता. १ ते २०० एककांच्या पट्ट्यात मी लॉगरिदमिक अंतराने (बाहेर जाताना रुंदावत जाणारे) फक्त १०० खण घेतले होते; म्हणजे ४० पाशी एक खण सुमारे २ एककांचा आणि उंचवट्याची रुंदी जेमतेम ४, त्यामुळे अपविंड या गणनापद्धतीतल्या कृत्रिम विसरणातून, म्हणजे निव्वळ आकडेमोडीमुळे होणाऱ्या पसरण्यातून, धूळ गळत असणार, असे मी धरून चालले होते. खण ४०० केले, तेव्हा कालपायरी (गणना एका वेळी जेवढा काळ पुढे सरकते तो) सोळापट लहान झाली आणि एकूण काम चौसष्टपट वाढले. लॅमिंग्टन रोडवरून जादा रॅम आणली, पण तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. असा एकमितीय कोड प्रोसेसरपाशी अडतो, आणि त्यावर नम्बा (पायथन कोड वेगवान करणारे साधन) वापरणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. एवढे करूनही कडे पूर्वीइतक्याच वेगाने रिते झाले. दोष ग्रिडचा नाही, हे मला तेव्हाच उमगायला हवे होते.

आमच्या गटातले एक काका आलेख पाहून म्हणाले, "घनता राहू दे गं, दाबाचा उतार छापून दाखव."

मी तो छापला. धूळ दाबाच्या शिखराकडे सरकते, हे आपण सगळेच जाणतो: दाबाच्या आधारामुळे वायू केप्लर वेगापेक्षा, म्हणजे केवळ ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या कक्षावेगापेक्षा, किंचित मंद फिरतो (माझ्या तबकडीत ४० एककांवर सेकंदाला सुमारे ४५ मीटरने) आणि तो समोरचा वारा धुळीचा कोनीय संवेग काढून घेतो. उंचवट्याविना माझ्या दाबाचा लॉगरिदमिक उतार सगळीकडे उणे २.७५ आहे, म्हणजे दाब बाहेरच्या दिशेने घटत जातो; शिखर हवे तर कुठेतरी तो उतार अधिक व्हायला हवा. घनता ७० टक्क्यांनी वाढवली की तो नक्की उलटेल, असे मी गृहीत धरले होते. रकान्यात ३५.५ एककांसमोर आकडा होता उणे ०.०४, आणि संपूर्ण रकान्यात अधिक चिन्ह एकही नव्हते. गायमुखच्या घाटात गाड्या तुंबाव्यात तशी धूळ तिथे दाटत होती, पण थांबत कधीच नव्हती.

शिखरावरची घनता दुप्पट केली. त्याच जागी उतार अधिक ०.७ झाला आणि कडे दहा लाख वर्षे टिकले. ते उंचवट्याच्या मध्यावर, म्हणजे ४० वर न बसता सुमारे ३७ वर बसले, कारण मूळचा उतार दाबाचे शिखर आत ओढतो. वायूच्या उंचवट्याहून कितीतरी अरुंद अशी ती रेघ मी बराच वेळ नुसती पाहत राहिले.

यापुढे दोन उंचवटे ठेवायचे ठरले होते, पण हे लिहितानाच तो बेत मागे पडला. सुरुवातीपासून तयार असलेला उंचवटा खरा नव्हे. तो हळूहळू वाढायला हवा. माझ्या तबकडीत मिलिमीटरभर कण ४० एककांवरून लाखभर वर्षांत आत निघून जातात, त्यामुळे उंचवटा उशिरा आला तर अडवायला धूळ किती उरेल? २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने टिपलेल्या एचएल टॉरी या तरुण ताऱ्याचे वय जेमतेम दहा लाख वर्षे असूनही तिथे कडी दिसतात. म्हणून आता उंचवटा १, ३ आणि ५ लाख वर्षांनी वाढू लागेल, अशा तीन धावा करून प्रत्येक कड्यातले धुळीचे वस्तुमान मोजायचे आहे. पहिली धाव आज रात्री सुरू केली आहे.