आठ-आठ पिक्सेलांवरची शिखरे

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी वडोदऱ्यात कुणाचेच मन कामात नसते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेतही निम्मी मंडळी मांजा आणायला निघण्याच्या बेतात होती, आणि मलाही दांडिया बाजारातल्या घरी तिळाचे लाडू वळायला वेळेवर पोहोचायचे होते. नेमके तेव्हाच एका औषधी नमुन्याच्या टीएलसी प्लेटचे (पातळ थरावर द्रावक चढवून मिश्रणातले घटक वेगळे करायची प्लेट) छायाचित्र मोबाइलवरून माझ्याकडे आले. प्लेटवर अपेक्षित ३ डागच आहेत, की अशुद्धीचा एखादा जास्तीचा आहे, एवढेच सांगायचे होते.

चमकणारे द्रव्य मिसळलेली अशी सिलिकाची प्लेट २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात हिरवी चमकते आणि हा प्रकाश शोषणारा पदार्थ असेल तिथे चमक दबून काळसर डाग दिसतो. ८ बिटांच्या करड्या चित्रात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५ असल्यामुळे हे डाग आलेखात दऱ्या होऊन येतात. म्हणून मी चित्राचे आधी निगेटिव्ह केले, इमेजजे या चित्रे मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये द्रावक ज्या दिशेने चढतो त्या दिशेने ६४ पिक्सेल रुंद पट्टा आखून सरासरी प्रोफाइल, म्हणजे करडेपणाचा आलेख, काढली आणि ते आकडे पायथन भाषेच्या सायपाय या संचातील शिखरे शोधणाऱ्या फंक्शनला दिले. उत्तर आले १४.

त्यांतली ३ शिखरे ठळक होती, ११ अगदी बुटकी. आमचे सर मागून डोकावून म्हणाले, “अगं, प्रॉमिनन्सची मर्यादा वाढव, म्हणजे हा कचरा आपोआप गळेल.” शिखर शेजारच्या खिंडीपासून किती वर उठले आहे, हे मोजणारे हे माप; सरांचा सल्ला एरवी योग्यच ठरला असता. पण मला एक गोष्ट खटकत होती. पिक्सेलांच्या ६४ स्तंभांची सरासरी घेतल्यावर स्वैर गोंगाट एक-अष्टमांशावर यायला हवा. इथे मात्र पट्टा रुंद करावा तशी ही बुटकी शिखरे अधिकच रेखीव होत होती. याचा अर्थ ती प्रत्येक स्तंभात त्याच ओळीवर बसलेली होती.

मी त्यांच्या जागा कागदावर उतरवल्या: २१२, २२०, २३६, २६०, २८४... अंतरे ८, १६, २४, २४. जेपेग पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन वेगळा दाबते, आणि मेसेजमधून येताना छायाचित्र नको तितके दाबले गेले होते. चौकोनांचे सांधेच मला शिखरे म्हणून दिसत होते. मात्र ११ पैकी १० या हिशेबात बसली. ३४७ वरच्या एकाचे बाकीच्यांपासूनचे अंतर काही केल्या ८ च्या पाढ्यात येईना.

मग खालच्या मजल्यावर जाऊन कॅमेऱ्याच्या संगणकातली मूळ, अशी न दाबलेली टिफ फाइल घेऊन आले. (पहिल्यांदाच तीच मागायला हवी होती, हे कबूल करते.) ती आकाराने मोठी, म्हणून जागा प्रमाणात मोजून पाहिल्या. १० शिखरांचा मागमूस नव्हता. ३४७ वरचे मात्र तिथेच होते, जेमतेम ३ करड्या पातळ्यांइतके उंच. बाकी चढउतार १ च्या वर जात नव्हते. दाबलेल्या चित्रात सांध्यांची शिखरे याच्याहून उंच असल्याने मर्यादा वाढवली असती, तर सगळ्यांत आधी हेच गळले असते.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि नमुना घटक अधिक काटेकोरपणे वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राकडे पाठवायची चिठ्ठी स्वतः लिहिली. मी मर्यादा २ वर ठेवून अहवाल छापला. घरी पोहोचले तेव्हा पाक केव्हाच आळून दगड झाला होता.